हलक्या कामाची वही

चिमी जेवायला येणार म्हटलं की त्या घरात दोन ठिकाणी तयारी चाले, एक स्वयंपाकघरात आणि दुसरी दादांच्या डोक्यात. स्वयंपाकघरातली तयारी दादांची बायको, मास्तरीण, अकरापर्यंत उरकून टाकी. डोक्यातली काही उरकत नसे, कारण दादा जो मुद्दा घोकून ठेवत तो सोडून भलत्याच मुद्द्यावर चिमी सुरुवात करी, आणि दादांची गाडी रुळावर येईपर्यंत हात धुवायची वेळ होई.

या रविवारी मात्र दादांनी एकच मुद्दा धरला होता आणि तो शुक्रवारपासून धरला होता. शुक्रवारी दुपारी मंत्र्यांच्या कचेरीतून एका गोड आवाजाच्या माणसाचा फोन आला. "तुमच्या भगिनींना जरा समजवा," तो म्हणाला. "सभागृहातला मंगळवारचा प्रश्न त्यांनी मागे घेतला, तर तुम्ही पाठवलेली यादी आमच्या कपाटात सुखरूप राहील. नाही घेतला, तर मंत्रिमहोदयांना ती सभागृहात वाचावी लागेल. तुम्हीच पाठवलीय, आमचा नाइलाज आहे."

फोन ठेवून दादा मास्तरणीला म्हणाले, "झक मारली आणि ती यादी पाठवली."

यादी मास्तरणीच्याच अक्षरात होती. लग्नाआधी तिने तीन वर्षं शाळेत शिकवलं होतं, आणि तेवढ्या भांडवलावर सासरी सव्वीस वर्षं तिचं नाव मास्तरीण पडलं होतं. घरात चांगलं अक्षर लागलं की तिलाच हाक.

यादीचं प्रकरण असं होतं. घरामागचा दगड कापायचा कारखाना अण्णांनी, म्हणजे तिच्या सासऱ्यांनी, एका करवतीवर सुरू केला होता. आता नऊ करवती होत्या, कडा घासायची पंचवीसेक हातमशीनं होती आणि साठ माणसं होती. सुरू केल्यावर वीसेक वर्षांनी अण्णांच्या पहिल्या करवतवाल्याला दम लागायला लागला. तीन पायऱ्या चढला की चौथीवर बसायचा. दुसऱ्या कारखान्यांत अशा माणसाला सरळ घरचा रस्ता दाखवत. अण्णांनी त्याला फाटकाशी बसवलं, हातात पेन्सिल दिली आणि येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या मोजायला सांगितलं. पगार तोच ठेवला. एका जाड वहीत त्याचं नाव लिहिलं, करवतीवर किती वर्षं होता ते लिहिलं, आता काय काम दिलं ते लिहिलं, आणि शेवटच्या रकान्यात शेरा: दम.

तेव्हापासून ती हलक्या कामाची वही झाली. ज्याला दम लागेल त्याला करवतीवरून उठवायचं, हलकं काम द्यायचं, काढायचं नाही, आणि नाव वहीत लिहायचं, हा त्या कारखान्याचा नियमच होता. बागेला पाणी घालणारे, चहा करणारे, फाटकावरचे, टपाल आणणारे, सगळे वहीतले. अण्णांना त्या वहीचा अभिमान केवढा! पाहुणा आला की त्याला करवती नंतर दाखवत, आधी वही दाखवत. नऊ वर्षांपूर्वी त्यांची नजर अधू झाली आणि वही मास्तरणीकडे आली.

दोन महिन्यांपूर्वी सरकारी पत्र आलं, तुमच्या कारखान्यात कामगारांसाठी काय सोयी आहेत ते कळवा. दादांना वाटलं, चला, आदर्श कारखान्याचं प्रमाणपत्र आलंच म्हणून समजा. त्यांनी मास्तरणीला वहीची नक्कल करायला बसवलं. "शेऱ्याचा रकाना सोड," ते म्हणाले. "उगाच अशुभ दिसतं. नुसती नावं, वर्षं आणि दिलेलं काम लिही." तिने त्रेचाळीस नावं सुबक अक्षरात उतरवली आणि दादांनी ती स्वतः जाऊन टपालात टाकली. दुसऱ्या कुठल्याही कारखानदाराच्या हातून ही चूक झाली नसती. दुसऱ्या कुठल्या कारखान्यात अशी वहीच नव्हती.

चिमी साडेबाराला आली. देशाला ती विरोधी बाकांवरची खासदार म्हणून माहीत होती आणि वर्तमानपत्रं तिला तोफ म्हणत. घरात ती दादांची पाच वर्षांनी धाकटी बहीण, लहानपणी पडल्याच्या कपाळावरच्या खुणेसकट चिमीच होती. आल्या आल्या ती स्वयंपाकघरात शिरली आणि कढईवरचं झाकण काढून वाकून बघायला लागली.

"चिमीताई, हात धुवा आधी," मास्तरीण म्हणाली.

"धुते गं. दादा कसा आहे?"

"मुद्दा धरून बसलेत."

"तो फोन ना? मलाही आलाय." चिमीने झाकण ठेवलं. "वहिनी, खरं सांगू? मला आज ती वही हवीय. मूळची. शेऱ्यासकट."

मास्तरणीला वही द्यायची भीती नव्हती. वहीत जे नव्हतं त्याची होती. सात महिन्यांपूर्वी दादांच्या छातीचा फोटो काढला होता. डॉक्टरांनी तो उजेडासमोर धरला आणि पांढरे ठिपके बोटाने मोजून दाखवले. दगडाची धूळ, ते म्हणाले. मालक झालात म्हणून काय, पंचवीस वर्षं शेडमध्ये करवतीशेजारीच उभे होतात ना? घरी येताना दादांनी तिला एकच वाक्य सांगितलं, "हे कुणाला कळता कामा नये." पुढच्या आठवड्यात त्यांनी आपलं टेबल शेडमधून वरच्या मजल्यावरच्या कचेरीत हलवलं. गुडघे दुखतात म्हणून, असं सगळ्यांना सांगितलं. फोटो कपड्यांच्या कपाटात, जाड पांघरुणांखाली होता.

"दादांना विचारा," ती म्हणाली. "मी कोण देणारी?"

"लिहितेस तर तूच."

"लिहिणं वेगळं, देणं वेगळं." तिने कढई उचलली आणि बाहेर नेली.

जेवायला पाच जण होते. टेबलाच्या टोकाशी अण्णा, त्यांच्या डाव्या हाताला चिमी. करवतींच्या आवाजाने अण्णांचा उजवा कान केव्हाच खाल्ला होता, म्हणून डाव्या बाजूची खुर्ची मानाची. समोर आत्याबाई, अण्णांच्या धाकट्या बहीण, ज्या खालच्या अंगाला तळ्याकाठी एकट्या राहत आणि दर रविवारी सगळ्यांवर तोंडसुख घ्यायला येत. आज त्यांचा राग ताजा होता. कारखान्यांचा पांढरा गाळ तळ्यात जाऊन त्यांच्या नळाला दुधासारखं पाणी येई. त्यावर त्या एकदा गमतीने म्हणाल्या होत्या, की माझा चहा दूध न घालताच पांढरा होतो. चिमीने मागच्या अधिवेशनात ते वाक्य जसंच्या तसं सभागृहात सांगितलं.

"माझा चहा सगळ्या देशाला पाजलास की गं," आत्याबाई म्हणाल्या. "शेजारपाजारचे येऊन विचारतात, तोच का चहा? मेला जीव नकोसा झाला."

"पण तुझ्या चहामुळे त्या पाण्याचे नमुने तरी नेले, आत्या."

"नेले ना. परत कुठे आणले?"

अण्णा हसले. दादा हसले नाहीत. त्यांनी पाण्याचा पेला उचलला, अर्धा प्यायले आणि धरलेला मुद्दा एकदाचा सोडला.

"चिमे, मंगळवारचा प्रश्न मागे घे."

"नाही घेणार."

"ऐकून तर घे. तो माणूस काय म्हणाला सांगतो."

"मला माहितीय काय म्हणाला. मागच्या वेळी मी विचारलं, दगडाच्या धुळीने छातीचा आजार किती कामगारांना झालाय? उत्तर आलं, कुठल्याही कारखान्यातून अशी एकही नोंद नाही. देशात दोनशे कारखाने आणि एकही नोंद नाही! आता त्यांना एक नोंद मिळालीय. तू पाठवलेली. आता ते उठून म्हणतील, अशी माणसं फक्त एकाच कारखान्यात आहेत, आणि तो कारखाना बाईंच्या माहेरचा आहे. झालं. बाकीचे एकशे नव्व्याण्णव सुटले."

"म्हणूनच म्हणतो, मागे घे."

"म्हणूनच म्हणते, त्यांच्याआधी मी सांगते. पण तुझ्या यादीत नुसतं 'फाटकावर बसतो', 'बागेला पाणी घालतो' असं आहे. ती वाचून कुणी म्हणेल, छान, वृद्धाश्रम चालवतात. मला शेरे हवेत. कागद सभागृहापुढे ठेवायचा तर मूळ वही हवी आणि ती खरी आहे असं लिहून मालकाची सही हवी. मालक तू आहेस."

दादांनी ताट पुढे सारलं. "वा! म्हणजे मीच माझ्या हाताने दोर आणून द्यायचा. उद्या कारखान्याला कुलूप लागलं तर? साठ घरं आहेत माझ्यावर. तुझं काय, तू बोलणार, बाक वाजणार, वर्तमानपत्रात फोटो येणार. इथे फाटकाशी साठ जण येऊन मला विचारतील, आता काय खायचं? तेव्हा तू कुठे असशील?"

"मी कुलूप मागतच नाहीये. प्रत्येक मशीनला पाणी सोडा, म्हणजे धूळ उडणार नाही. वर्षातून एकदा छाती तपासा. गाळ तळ्यात न सोडता आधी टाकीत बसू द्या. तीनच गोष्टी मागतेय."

"मोठ्या करवतींना पाणी आहे आपलं."

"आणि हातमशीनं? ती आजही कोरडी चालतात. मी आत्ता शेडवरूनच आले, दादा. रविवार असून चार जण कडा घासत होते. तोंडाला फडकं होतं फक्त."

"एक मोठं काम आलंय, बुधवारी द्यायचंय," दादा म्हणाले, पण ते जरा हळू म्हणाले.

आत्याबाईंनी तोंड घातलं. "पण चिमे, घरातली लक्तरं वेशीवर टांगायची म्हणजे काही मर्यादा? तुझ्या बापाने कुणाला उपाशी मारलं नाही. दम लागला त्याला खुर्ची दिली. असा मालक दाखव मला दुसरा. आणि त्याचंच नाव तू चव्हाट्यावर आणणार?"

अण्णांनी डावा कान पुढे केला होता, त्यांना सगळं ऐकू गेलं होतं. "मी ती वही लपवायला नाही लिहिली," ते म्हणाले. "पण गुन्ह्याची यादी म्हणूनही नाही लिहिली. माणसं लक्षात राहावीत म्हणून लिहिली. आपण कुणाला काढलं नाही, चिमे."

चिमी बापाकडे बघत राहिली. सभागृहात ती समोरच्याला बोलू देत नसे, इथे मात्र तिला शब्द जुळवायला वेळ लागला. "नाही काढलंत, अण्णा. मला लहानपणापासून त्याचा अभिमान वाटायचा. पण त्रेचाळीस वेळा तुम्ही माणूस उठवलात आणि त्याच जागेवर दुसरा बसवलात. माणसाला खुर्ची दिलीत, मशीनला पाणी नाही दिलंत."

अण्णांचा चेहरा तोंडात मारल्यासारखा झाला. दादा ताडकन उठले. "बास! बापाशी असं बोलायला लाज नाही वाटत? ऊठ. जेवण झालं असेल तर नीघ."

"बस रे," अण्णा म्हणाले. मग सुनेकडे वळले. "मास्तरीण, वही आण. वाच मला. शेरे पण वाच."

"अण्णा, कशाला आता…" दादा म्हणाले.

"माझी वही आहे. मला ऐकायचीय."

मास्तरणीने कचेरीत जाऊन वही आणली, ताटं बाजूला सारली आणि वाचायला सुरुवात केली. नाव, करवतीवरची वर्षं, हलकं काम, शेरा. पहिल्याला अण्णांनी मान डोलावली. "गाणं छान म्हणायचा," ते म्हणाले. दुसऱ्यालाही काहीतरी आठवलं. पाचव्या-सहाव्यानंतर ते गप्प झाले. दम. दम, बसून झोपतो. दम, थुंकीत रक्त. गेला. दम, गेला. सुरुवातीच्या नावांपुढे वीस-बावीस वर्षं होती. पुढे पंधरा झाली. शेवटच्या दहांपुढे नऊ, आठ, एकाच्या पुढे सहा. मास्तरीण नऊ वर्षं ती वही लिहीत होती, पण एका बैठकीत सगळी कधी वाचली नव्हती. आकडे असे उतरत गेलेत हे तिलाही आत्ताच कळलं.

"हे कसं झालं?" अण्णांनी विचारलं. "आधी वीस वर्षं टिकायची माणसं."

"आधी छिन्नी होती, अण्णा," चिमी म्हणाली. "हातमशीनं बारा वर्षांपूर्वी आली."

"मीच आणली," दादा म्हणाले. एवढंच म्हणाले आणि परत खुर्चीवर बसले.

आत्याबाईंनी पदराने नाक पुसलं. "सहा वर्षांत?" त्या म्हणाल्या. "कोण रे तो? तो चहा आणून देतो तो? अरे, पोरगा आहे तो अजून." आणि मग दादांकडे वळून, अगदी दुसऱ्याच आवाजात, "सही कर रे बाबा. माझा चहा तर गेलाच आहे जगभर, आता काय राहिलंय?"

"तुझ्यावर साठ घरं नाहीत, आत्या. मी सही करणार नाही." दादांचा आवाज आता खाली आला होता आणि म्हणूनच तो पक्का होता. "त्रेचाळीस म्हणजे त्रेचाळीस. झालं ते झालं. पुढे मशीनला पाणी देऊ, हळूहळू करू. पण घरातलं घरात राहील."

मास्तरणीपुढे वही उघडी होती. त्रेचाळिसाव्या ओळीखाली पान कोरं होतं. दादांनी तो आकडा दुसऱ्यांदा उच्चारला तेव्हा तिच्या मनात काय झालं ते तिलाही नीट सांगता आलं नसतं. सात महिने ती त्यांच्या शेजारी पडून त्यांचा श्वास मोजत होती. सात महिने ती चिडलेली होती, घाबरलेली होती, आणि भाजी निवडत होती. या माणसावर तिचा जीव होता. आणि हाच माणूस तिच्यासमोर बसून खोटा आकडा सांगत होता, आणि तो खोटा आहे हे त्या खोलीत फक्त तिला माहीत होतं.

तिने पेनाचं टोपण काढलं.

"काय करतेस?" दादांनी विचारलं.

ती लिहीत राहिली. आधी क्रमांक घातला. मग पुढे नवऱ्याचं नाव, संपूर्ण, जसं शाळेच्या हजेरीत लिहितात तसं. करवतीजवळची वर्षं: पंचवीस. दिलेलं हलकं काम: वरची कचेरी. शेऱ्याच्या रकान्याशी तिचा हात थांबला. तिथे नऊ वर्षांत तिने कितीतरी वेळा तोच शब्द लिहिला होता, तो आता येईना. मग तोही लिहिला.

"अगं, काय लिहितेस तू?"

"चव्वेचाळीस," ती म्हणाली आणि वही अण्णांसमोर न ठेवता चिमीसमोर ठेवली. अण्णांना दिसलं नसतं.

चिमीने वाचलं. तिचा हात तोंडावर गेला. "दादा?"

"गुडघे आहेत माझे," दादा म्हणाले.

"फोटो कपाटात आहे, चिमीताई. पांघरुणांखाली. सात महिने झाले. हवा तर आणते."

दादांनी बायकोकडे अशा नजरेने पाहिलं की ते तिला जन्मात विसरता येणार नव्हतं. रागाहून वाईट होतं ते. मग ते उठले, जिना उतरले आणि शेडकडे गेले. अण्णा विचारत होते, "काय झालं? काय लिहिलं तिने? मला कुणी सांगेल का?" आणि आत्याबाई, ज्यांना सांगण्यासारखं काही मिळालं की दम निघत नसे, त्या मूग गिळून बसल्या. शेवटी चिमीनेच बापाच्या डाव्या कानाशी तोंड नेऊन सांगितलं. अण्णांनी टेबलावर चाचपडत वही शोधली आणि त्या पानावर तळवा ठेवून बसून राहिले.

दादा तासाभराने परत आले. केसांवर पांढरी धूळ होती. त्यांनी उभ्या उभ्याच विचारलं, "सही कुठे करायची? नावापुढे की मालक म्हणून खाली?"

"मालक म्हणून," चिमी म्हणाली.

त्यांनी सही केली, तारीख घातली. चिमी काही बोलायला गेली तर त्यांनी हात वर केला. "वही घेऊन जा. आणि पुढच्या रविवारी येऊ नकोस. मला तुझं तोंड बघवणार नाही. कधी बघवेल ते कळवीन."

"बरं," चिमी म्हणाली. तोफ वगैरे सगळं बाहेरच्यांसाठी. ती जिन्यात उभी राहून रडली, मास्तरणीने तिला पदर दिला, आणि ती गाडीत बसून गेली.

सोमवार अबोल्यात गेला. दादा जेवले, झोपले, कामावर गेले, आणि मास्तरणीशी एक अक्षर बोलले नाहीत. तिनेही बोलायचा प्रयत्न केला नाही. लिहिलेलं तिला खोडायचं नव्हतं आणि त्याबद्दल माफीही मागायची नव्हती.

मंगळवारी अकराला प्रश्नोत्तरांचा तास सुरू झाला. कारखान्यात टीव्ही एकच होता, कचेरीबाहेर कामगारांच्या जेवणाच्या खोलीत. अण्णा खुर्ची टीव्हीला चिकटवून बसले. दादा कचेरीत बसणार असं म्हणाले होते, पण दार उघडं ठेवून बसले. मुकादम कसलीशी चिठ्ठी घेऊन वर आला तो तिथेच रेंगाळला. मग आणखी दोघं-चौघं आले. खाली करवती चालू होत्या, म्हणून मास्तरणीने आवाज वाढवला.

मंत्री उठले. गोरेगोमटे, प्रसन्न गृहस्थ. एकही अधिकृत नोंद नाही, हे त्यांनी पुन्हा वाचलं. "परंतु," ते म्हणाले आणि त्यांच्या मागच्या बाकांवर आधीच हसू पसरलं, "माझ्याकडे एका कारखान्याने स्वखुशीने पाठवलेली त्रेचाळीस माणसांची एक यादी आहे. ही माणसं कशामुळे हलक्या कामावर गेली, आणि हा कारखाना कुणाचा, हे सन्माननीय सदस्यांनी कृपया घरी जाऊन विचारावं."

हशा झाला. बाक वाजले. मुकादमाने एकदा दादांच्या दाराकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

चिमी उठली. वही तिच्या हातात होती. "अध्यक्ष महोदय, घरी जाऊनच आले. कारखाना माझ्या भावाचा आहे. त्याआधी वडिलांचा होता. ही मूळ वही मी सभागृहापुढे ठेवते, मालकाच्या सहीसकट. मंत्र्यांच्या नकलेत शेवटचा रकाना नाही, यात आहे. ही माणसं दगडाच्या धुळीने आजारी पडली आणि आम्ही त्यांना आजारी पाडलं. पंचवीस जण गेले. मंत्र्यांचा आकडाही चुकलाय. त्रेचाळीस नाहीत, चव्वेचाळीस आहेत." ती थांबली. तिने वहीतल्या त्या ओळीवर बोट ठेवलं. "चव्वेचाळिसावा माझा भाऊ आहे."

आता कुणी हसत नव्हतं.

"आम्ही लिहून ठेवलं म्हणून सापडलो. बाकीचे एकशे नव्व्याण्णव कारखाने काय लोणी कापतात का? तिथे छाती तपासायला डॉक्टर कोणत्या तारखेला जाणार आणि मशीनला पाणी, तळ्याला टाकी हा नियम कधी होणार, एवढंच मला सांगा. मला तारीख हवीय."

मंत्र्यांनी कागद चाळले. माहिती घेऊन पटलावर ठेवू, असं म्हणाले. विरोधी बाकांवर गोंधळ झाला, अध्यक्षांनी पुढचा प्रश्न पुकारला, आणि तो कुठल्याशा पुलाबद्दल होता.

"काय म्हणाली?" अण्णांनी विचारलं. "आम्ही आजारी पाडलं, असं म्हणाली ना?"

"हो, अण्णा."

"बरोबर म्हणाली," अण्णा म्हणाले आणि डोळे पुसायला लागले.

मास्तरीण टीव्ही बंद करून कचेरीत आली. दादा टेबलाशी बसले होते, हात मांडीवर ठेवून. फोन वाजत होता आणि ते उचलत नव्हते. तिने कपाटातून एक कोरी जाड वही काढली, पट्टीने रकाने आखायला घेतले. जुनी गेली होती तर नवी हवीच, नियम होता. काही न सुचून ती आपली रकाने आखत होती.

दाराशी मुकादम येऊन उभा राहिला. बावीस वर्षं कारखान्यात होता, दादांना अरेतुरे करायचा अधिकार असलेला एकटाच माणूस, आणि कधी करत नसे. त्याने फडक्याला हात पुसले.

"वहिनी," तो म्हणाला, "माझंही नाव लिहा."

त्याच्यामागे जिन्यात आणखी पाच-सहा जण उभे होते. खालच्या करवती एकेक करून बंद होत होत्या. मास्तरणीने पेन उघडलं, पंचेचाळीस हा आकडा घातला, आणि मग काय वाटलं कोण जाणे, वही फिरवून नवऱ्यापुढे सरकवली आणि पेन त्यांच्या हातात दिलं.

"तुम्ही लिहा," ती म्हणाली.

दोन दिवसांनी पहिल्यांदा दादांनी तिच्याकडे पाहिलं. मग पेन धरलं, मुकादमाचं नाव लिहिलं, वर्षांचा रकाना भरला. ते विचारायची गरज नव्हती. शेऱ्याशी मात्र ते थांबले.

"दम कधीपासून लागतोय?" त्यांनी विचारलं.

मुकादम जरा ओशाळला. "दादा," तो म्हणाला, "तुमच्या आधीपासून."